नोक चढवायचा मुहूर्त

सेमारांग,
२२ ऑगस्ट १९९३

म्बाह,

तुमच्या गुडघ्यांवर कपाळ टेकून नमस्कार. चार महिन्यांत पत्र नाही, याबद्दल भेटल्यावर हवं ते बोला. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या पाक हार्सोयोंनाही नमस्कार सांगा. म्हणावं, या खेपेला अक्षर मुद्दाम सावकाश काढलं आहे.

एक गोष्ट फार दिवस मनात होती, ती आता ठरली. इतके दिवस आहे त्यावर भागवलं. पण जुना नोक घासून घासून पार बुटका झाला आहे. आता नवा, उंच नोक चढवणार. नोक उंच घेतला की त्याच्याबरोबरचे दोन्ही दांडेही बदलावे लागतात, नाहीतर जोर येऊन वाकतात. दांड्यांचं अजून नक्की होत नाही. भरीव घ्यावेत तर जड, पोकळ घ्यावेत तर हलके. माझे मालक कोह हुआत, ते लेथवाले, म्हणतात पोकळच घे, हल्ली सगळे पोकळच घेतात. शिवाय दोन स्प्रिंगा घ्यायच्या आहेत, चांगल्या कडक. जुन्या ढिल्या पडल्यात, जोरात चाललं की उसळतात.

हे सगळं मी माझ्या हातांनी करणार आहे. लोक म्हणतात, जाणत्या माणसाकडून करून घे. पण अशी गोष्ट दुसऱ्याच्या हातून झाली तर ती आपली कशी म्हणायची? दुपारी जेवण झालं की मी भिंतीला टेकून डोळे मिटतो आणि तो उंच नोक मनातल्या मनात बघत राहतो. कधी कधी तसाच डोळा लागतो आणि झोपेतही तोच दिसतो.

तुमचा आशीर्वाद हवा. आणि तुमच्या हिशेबाने एक चांगला दिवस काढून द्या. दहा ऑक्टोबरच्या आतला हवा. दहाला सगळे बघायला येणार आहेत.

तुमचा,
लास्दी


केदुंग लो, ब्लोराचे जंगल,
मंगळवार पाहिंग, ३१ ऑगस्ट १९९३

चिरंजीव लास्दी यास आजी सुकेनी हिचे अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम आहे.

ले, वरची ओळ पाक हार्सोयोंची. मी नुसतं ‘ले’, म्हणजे पोरा, एवढंच म्हटलं होतं. जंगलखात्यात तीस वर्षं सागाचे ओंडके मोजण्यात गेली त्यांची. समोर माणूस आला तरी आधी नंबर ठोकतात, मग बोलतात.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. एकदा उभ्याने, एकदा मी पान जमवून बसल्यावर. अरे, घर बांधतोस! आणि सांगतोस कसं, शेजाऱ्याची पपई पाडल्यासारखं, तोंड चोरून! मी पाक हार्सोयोंना विचारलं, नोक म्हणजे आपला नोकच ना, छपराचा? घराच्या डोक्यावरचं आढं? ते म्हणाले, “सुकेनीबाई, कागदोपत्रीसुद्धा हाच शब्द आहे, मी स्वतः हजार वेळा लिहिलाय.” मग काय राहिलं? आढं चढलं की घर झालं. भिंती काय, त्या मागून येतात, सुनेसारख्या कुरकुरत.

कुठे बांधतोस ते मात्र लिहिलं नाहीस. पाक हार्सोयो म्हणतात सेमारांगमध्ये. मी म्हणते, सेमारांगमध्ये बांधणारा माणूस आजीकडे मुहूर्त कशाला मागेल? इथेच बांधणार तू. रस्त्याच्या वळणावरची आपली मोकळी जागा आहे, तिथे. खरं की नाही? सात वर्षं झाली तुला जाऊन. मला दुसरं काही नको. इथल्या एखाद्या आढ्याखाली तू दुपारचा घोरत पडलेला दिसलास, की मी निघायला मोकळी.

पण ते पोकळ दांडे! वर उंच नोक आणि खाली पोकळ दांडे? बांबूवर आढं ठेवतोस? कोह हुआतला माझा निरोप दे. म्हणावं, तुम्ही लोखंड कातता तेवढं काता, आमच्या घराला बांबू शिकवू नका. पोकळ दांड्यांवर कोंबड्यांचं खुराडं उभं राहतं.

आणि त्या स्प्रिंगा. मी म्हटलं, पुन्हा वाचा. पाक हार्सोयोंनी वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. दोन कडक स्प्रिंगा, जुन्या उसळतात! ले, गादीबद्दल आजीला कोणी पत्रात लिहितं का? बरं, लिहिलंस तर लिहिलंस. गादी आली म्हणजे मुलगी आली. नाव काय? कोणाची? हसते का? आणि जुन्या ढिल्या पडल्या म्हणतोस, त्यावरून मला एवढंच म्हणायचंय की

(येथे आजीबाईंनी जे सांगितले ते पत्रात घालण्याजोगे नाही. — लेखनिक)

“काय गाळलंत?”
“काही नाही, पुढे बोला.”
“तुमची बायको असती तर तिने गाळू दिलं नसतं.”

हेही लिहिलंत? शाबास.

परवा दुपारी डोळा लागला तर तुझे आजोबा दिसले. एका लांबलचक आढ्यावर घोड्यावर बसावं तसे बसले होते. खाली घर नव्हतंच, नुसतं आढं, धुक्यात तरंगणारं. पाय हलवत होते. बोलले काही नाहीत. असताना तरी कुठे बोलायचे.

मुहूर्त काढलाय. ६ ऑक्टोबर, सात वारांतला बुधवार आणि आपल्या पाच वारांतला पोन, जोडी चांगली आहे. आढ्याला बांधायला राजा जातीच्या केळ्यांचा एक घड, दोन ऊस, मोड आलेला नारळ आणि भाताची पेंढी बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली आहे. बांधायला पाठवली आहे. खायला नाही.

मीही इकडे एक काम काढलंय. काय ते विचारू नकोस, पाक हार्सोयोंना लिहूही देणार नाही. पोकळ दांडे मात्र परत कर.

तुझी म्बाह
(अंगठा)


सेमारांग,
९ सप्टेंबर १९९३

म्बाह,

कसं लिहू ते कळत नाही. केळी पोचली. कंडक्टरने घड खांद्यावरून आणून थेट वर्कशॉपात ठेवला आणि म्हणाला, “आढं कुठाय, त्याला बांधायचं आहे.” आमच्याकडे इंजिनं उचलायची साखळी आहे, तिला बांधला. मग तुमचं पत्र मी मोठ्याने वाचायला लागलो ती चूक झाली. गादीपाशी आल्यावर कोह हुआत हसता हसता जमिनीवर बसले ते उठेचनात. हसून दमलेल्या लोकांनी सगळी केळी खाल्ली. माफ करा.

म्बाह, घर नाही. मुलगी नाही. गादी तर नाहीच.

नोक म्हणजे गाडीचा. माझ्या लाल गाडीचा, मोटरसायकलचा. इंजिनाच्या पोटात तेलाने माखलेला एक तुकडा फिरत असतो, त्याला अंड्यासारखा फुगवटा असतो. त्याला आम्ही कारागीर नोक म्हणतो. मला वाटलं तुम्हाला कळेल. मी दिवसभर दुसरं काही बोलतच नाही, त्यामुळे जगात आणखीही नोक असतात हे विसरलो.

त्या नोकावर दोन सडपातळ दांडे उभे असतात. फुगवटा दांड्याखाली आला की दांडा वर जातो आणि इंजिनाच्या डोक्यातलं एक दार उघडतो. एक दार श्वास आत घ्यायचं, एक बाहेर सोडायचं. स्प्रिंगा ती दारं मिटतात. तुम्ही आणि मोठी म्बाह, तुमची बहीण, उखळाशी समोरासमोर उभ्या राहून भात कांडायचात ना? एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. तसेच हे दोन दांडे. फक्त ते मिनिटाला हजारो वेळा कांडतात, अंधारात, कोणी बघत नसताना. मी कधी कधी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो आणि मूठ कानाला लावून ऐकतो. आत एक गाव कांडायला बसलंय असं वाटतं.

आता खरी अडचण सांगतो. दोन नोक आहेत. एक कोह हुआत इथेच घासून देतील, बेताचा. दारं थोडी जास्त उघडतात, लवकर मिटतात, गाडी खालपासून ओढते. दुसरा बांडुंगहून मागवायचा, फार उंच. त्याने दारं पुष्कळ उघडतात, पुष्कळ वेळ उघडी राहतात. इतका वेळ, की क्षणभर दोन्ही दारं एकदमच उघडी असतात. वेगात असताना त्याचा फायदा होतो. सावकाश चालताना मात्र आत आलेला श्वास तसाच बाहेर जातो, इंजिन उचक्या देतं.

दहा ऑक्टोबरला इथल्या मैदानात शर्यत आहे. मी चालवणार आहे. कोह हुआतचे जकार्ताचे स्नेही येणार आहेत. मी चांगला आलो तर ते मला त्यांच्या चमूत नेतील. म्हणून मी उंच नोक मागवला आहे. त्याला हलके पोकळ दांडे लागतात, ते बांबू नाहीत, चांगल्या धातूचे आहेत.

एकच आहे. उंच नोक बसवल्यावर गाडी केदुंग लोचा चढ चढणार नाही. तिथे सावकाश ओढावं लागतं. मी आलो तर बसने येईन, वळणापासून चालत.

तुम्ही रागावला नाहीत ना? मुहूर्त तोच धरतो. इंजिन उघडणं हेसुद्धा शुभकार्यच. आणि तुम्ही कोणतं काम काढलंय?

लास्दी


केदुंग लो,
सोमवार पाहिंग, २० सप्टेंबर १९९३

ले,

या वेळी पाक हार्सोयोंना वरची ओळ घालू दिली नाही. तसेही ते सध्या गप्प आहेत. नोक म्हणजे आढंच, असं छातीठोक सांगितलं होतं ना.

रागावेन कशाला? म्हातारीला हसायला काहीतरी लागतं. पत्र वाचून झालं तेव्हा मी म्हटलं, सगळं मुसळ केरात. आणि मग एवढी हसले की पानाचा पहिला रस गिळला, जो गिळायचा नसतो. मी काढलेलं काम म्हणजे कोंबड्यांचं. झालं ते. तू त्याचा विचार करू नकोस.

इथे सध्या ऊन फार येतं. सकाळी दहा वाजले की थेट माझ्या चटईवर येऊन बसतं, काम काय ते न सांगणाऱ्या पाहुण्यासारखं. पूर्वी येत नव्हतं. सागाची पानं गळायचा महिना आहे, म्हणून असेल.

तुझा तो नोक मला समजला. पाक हार्सोयोंना नाही समजला, त्यांनी आयुष्यात मुसळ धरलेलं नाही. म्हणून त्यांना समजावते आणि तू ऐक.

आम्ही मुली भात कांडायचो तेव्हा एकीचं मुसळ पूर्ण वर येईपर्यंत दुसरी थांबायची. धप्, मग धप्. त्या आवाजाला झोप येते. तुझा बाप त्याच आवाजात पाळण्यात झोपला. पण ग्रहण लागलं की सगळ्या पोरी रिकाम्या उखळाशी धावायच्या, ते राक्षसाच्या तोंडातून चंद्र सोडवायला. तेव्हाचा ठेका वेगळा. एकीचं मुसळ बाहेर येतंय न येतंय तोच दुसरीचं आत. मुसळं हलकी निवडायची, नाचवता येतात म्हणून. काय वाजायचं रे! हात आपले राहायचे नाहीत. जंगलापलीकडच्या गावची पोरं कुंपणाशी येऊन उभी राहायची. त्यातला एक पुढे तुझा आजोबा झाला. मला तर अजून वाटतं, त्या ठेक्यात आम्ही सगळ्या जमिनीपासून चार बोटं वर होतो, आणि खाली उतरल्यावर आपापल्या घरी गेलो ते मला नीट आठवतच नाही.

पण ले, त्या ठेक्यात एक दाणाही कांडला गेला नाही. उखळ रिकामंच असायचं.

तुझा उंच नोक म्हणजे ग्रहणाचा ठेका. दोन्ही दारं एकदम उघडी, हलके दांडे, आणि सगळे बघायला आलेले. वाजव. मी नको म्हणणार नाही. चंद्राला कोणीतरी सोडवायलाच हवं, आणि ते म्हातारीने कसं करावं?

फक्त एवढंच कळलं नाही. गाडी चढ चढणार नाही म्हणतोस. म्हणजे तू वळणावर उतरणार आणि चालत येणार. चालत आलेल्या माणसाला परतीच्या बसची वेळ माहीत असते. तो बसतो तोही एक पाय बाहेर ठेवून. मग इथवर यायची गाडी कोणती, तेवढं लिही. नसली तर तसं लिही. मला खोटं लिहिलेलं लगेच कळतं, पाक हार्सोयोंचा आवाज बदलतो.

मुहूर्त तोच ठेव. इंजिन उघडशील तेव्हा आधी हात धू.

तुझी म्बाह
(अंगठा)

ता. क. — हे मी माझ्या घरी बसून स्वतंत्र लिहीत आहे. आजीबाईंना ठाऊक नाही, आणि ठाऊक झाल्यास माझे इकडे राहणे कठीण होईल. कोंबड्यांचे काहीही काम निघालेले नव्हते. २ सप्टेंबर, गुरुवार वागे या दिवशी त्यांनी घरामागचा साग तोडवला. तुझा जन्म झाल्यावर तुझी वार जिथे पुरली, तिथे तुझ्या आजोबांनी लावलेला तो साग. लांबी नऊ मीटर, सरळ, गाठी तीन. तो तुझ्या आढ्यासाठीच राखलेला होता. तुझे दुसरे पत्र आले तेव्हा तो आडवा होऊन दहा-बारा दिवस झाले होते. रोज दुपारी त्या त्यावर बसतात आणि मला सांगतात की बसायला सोय झाली. लाकूड ओले आहे, उन्हात टोके तडकू लागली आहेत. मी चुना लावला आहे, पण ओले लाकूड वर चढवून बांधून टाकले नाही तर पीळ खाते. ‘नोक म्हणजे आढे’ हे मी सांगितले होते. तीस वर्षांत माझ्या मोजमापात एवढी मोठी चूक झाली नव्हती. — हार्सोयो


सेमारांग,
२६ सप्टेंबर १९९३

म्बाह,

मला सागाचं कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नका.

तुम्हाला काय म्हणावं? एका शब्दावर पंचवीस वर्षांचं झाड? एकदा परत विचारायचं तरी! बस रोज येते, पत्र रोज जातं. मी चिडलो आहे, हे या पत्रात स्पष्ट लिहितो, म्हणजे पाक हार्सोयोंना आवाज बदलावा लागणार नाही.

तीन दिवस हाताला काम लागत नाही. नवे पोकळ दांडे आले आहेत. दांडा सरळ आहे की नाही ते बघायला आम्ही तो काचेवर ठेवून बोटाने ढकलतो. सरळ असला तर बिनआवाज घरंगळतो. वाकडा असला तर टिकटिकतो, अगदी केसभर वाकडा असला तरी. काल मी दोन्ही दांडे दुपारभर काचेवर घरंगळवत बसलो. दोन्ही सरळ आहेत. तरी मला टिकटिक ऐकू येत होती. कोह हुआत म्हणाले, “दांड्याला काही झालेलं नाही, तू ऊठ आणि जेव.”

बांडुंगचा नोक अजून यायचा आहे. म्हणजे गाडीत अजून जुनाच आहे, बुटका. त्यामुळे ती चढेल. पाच तारखेला गाडीने येतो. झाड बघायचं आहे. सातला परत निघणार, कारण दहाला शर्यत आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर बोलणी नकोत.

इथवर यायची गाडी कोणती, हे तुम्ही विचारलं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. खोटं लिहिलं नाही.

लास्दी


सेमारांग,
१८ ऑक्टोबर १९९३

म्बाह सुकेनी यांस,

मी हुआत, लेथवाला. मला लोखंड लिहिता येतं, पत्र नाही, तेव्हा थोडक्यात.

तुमचा नातू दोन दिवस म्हणून गेला त्याला आज तेरा दिवस झाले. दहा तारखेला सुरुवातीच्या रेषेवर आमची जागा रिकामी होती. जकार्ताच्या लोकांनी विचारलं, तुमचा माणूस कुठाय? मी म्हटलं, त्याच्या घराचं आढं चढतंय. त्यांना वाटलं मी चेष्टा करतो. मलाही तसंच वाटत होतं.

मी रागावलो आहे. पण पंधरा वर्षांत माझ्याकडे असे कान असलेला दुसरा कारागीर आला नाही, त्यामुळे राग नीट जमत नाही.

बांडुंगचा नोक आला. तेलकट कागदात गुंडाळलेला माझ्यासमोर टेबलावर आहे. सुंदर आहे. असा सहसा बघायला मिळत नाही. पुढच्या महिन्यात सोलोला शर्यत आहे. जकार्ताचे लोक तिथेही येतील. तो परत येऊन हा बसवणार आहे, की मी दुसऱ्या कोणाला देऊ? एका शब्दात कळवा.

केळी चांगली होती.

हुआत


केदुंग लो,
सोमवार पाहिंग, २५ ऑक्टोबर १९९३

कोह हुआत,

तुम्ही एका शब्दात मागितलंत. माझ्याकडे एवढा लहान शब्द नाही, तेव्हा जरा बसा.

अक्षर बघून तुम्ही ओळखलं असेल की आज लिहिणारा वेगळा आहे. पाक हार्सोयो शेजारीच बसलेत. म्हणतात, घरचा लेखनिक असताना मी कशाला? खरी गोष्ट अशी की झाडाची चुगली त्यांनीच केली, आणि तेव्हापासून ते माझ्यासमोर पेन हातात घेत नाहीत. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आणखी आठवडाभर करणार नाही, पान आयतं मिळतंय.

नातू पाच तारखेला आला. मी ओंडक्यावर बसले होते. गाडी दोन वळणं खाली होती तेव्हाच मला ऐकू आली. आवाजात एक टकटक होती, सैल मुसळासारखी. वर आला, उतरला, मला नमस्कारही केला नाही. सरळ ओंडक्यापाशी गेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत चालला, मग उकिडवा बसून एक डोळा मिटून बघितलं. म्हणाला, “पीळ घ्यायला लागलंय.” मी म्हटलं, “लाकूड ना? की तू?” तेव्हा कुठे हसला. मग रडला. हे तो लिहायला तयार नव्हता. मी म्हटलं, लिहिलं नाहीस तर अंगठा देणार नाही.

ओलं लाकूड थांबत नाही. चढवायचं तर लगेच. पण चढवायचं कशावर? घर कुठाय? त्याने मला विचारलं, “म्बाह, ठेवू कुठे?” मी म्हटलं, “तू उभा आहेस तिथे.” तो वळणावरच्या मोकळ्या जागेत उभा होता. गावच्या लोकांनी चार खांब आणले, भरीव. सहा तारखेला दुपारी आढं चढलं. केळी पुन्हा नवी आणावी लागली, पहिली तुम्ही खाल्लीत. वर कौलं पडली. भिंती नाहीत. मी भिंतींचं काही बोलले नाही.

सातला तो निघणार होता. सकाळी छपराखाली गाडी पुसत बसला, तेवढ्यात टेकडीपलीकडचा कार्मो आपली फटफटी ढकलत आला. त्याला वाटलं, छप्पर झालं म्हणजे दुकानच झालं. नातू म्हणाला, मी दुकानदार नाही. तरी त्याने त्या फटफटीला कान लावला. म्हणाला, नोक गेलाय. दुपारी आणखी दोन आल्या. कोह, या सगळ्या डोंगरात इंजिनाला कान लावणारं एक माणूस नाही. लोक टकटक ऐकत ऐकत वर्षानुवर्षं फिरतात, आणि मग एके दिवशी ढकलत घरी येतात. हे मला आजवर माहीत नव्हतं. मला वाटायचं फटफटीचा आवाजच तसा असतो.

आठ गेली. नऊ गेली. दहा तारखेला तो सकाळपासून कोणाच्या तरी इंजिनात कोपरापर्यंत होता. दुपारी एकदा बाहेर आला, हात पुसले, खाली रस्त्याकडे बघत उभा राहिला. तुमच्या मैदानात तेव्हा काय चाललं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एक-एक फेरी दिसत होती. मी मुद्दाम आत गेले. बाहेर आले तेव्हा तो परत इंजिनात होता.

मग अकरा, मग बारा. रोज जेवून छपराखाली आडवा होतो. घोरतो, मी लांबून बघते.

आता सामान सांगते. बांडुंगचा उंच नोक सोलोला जो चालवणार असेल त्याला द्या. तुमच्या पत्रातली तो सुंदर असल्याची ओळ लेखनिकाने दोनदा वाचून दाखवली, म्हणजे नक्कीच सुंदर असेल. जो लावील त्याला म्हणावं, जपून.

आम्हाला तुम्ही घासता तो बेताचा नोक पाठवा. ज्याने गाडी खालपासून ओढते तो. त्याच्या जोडीचे दांडे पोकळ नकोत. इथे वेग नाही, ओझं आहे, पोलादी भरीवच द्या. लांबी जुन्याबरोबर जुळवून कापू नका, आधी आम्हाला विचारा, मोजून सांगू. नोक बदलला की दांड्याची लांबी केसभर बदलते म्हणे. स्प्रिंगा मध्यम. फार कडक घेतल्या तर बेताच्या नोकालाच घासून खातात, हे मला लेखनिकाने आत्ता सांगितलं. मी विचारलं, मग लग्नातही तसंच असतं का? त्याचं उत्तर त्याने गाळलंय असं दिसतं.

नोक चार. दांडे आठ. स्प्रिंगा आठ. एक लाल गाडीचा, एक कार्मोचा, एक शाळेच्या गुरुजींचा, आणि एक जादा, कारण दर पाहिंगला भरणाऱ्या बाजारात आता सगळ्यांना कळलंय.

एवढं सांगून झालं आणि मी म्हटलं, लेखनिकबुवा, दोन दिवसांसाठी आलेला माणूस जादा नोक मागवत नाही. पेन थांबलं. पाक हार्सोयोंनीसुद्धा पान चघळायचं थांबवलं. खाली बस आली, वळणावर थांबली, कोणी चढलं नाही, निघून गेली.

मग तो म्हणाला, “म्बाह, पुढचं सांगा.”

मी म्हटलं, पुढचं तुझं तू लिही.

(अंगठा)

कोह, सामान बसनेच पाठवा. कंडक्टरला सांगा, वळणावर भिंती नसलेलं छप्पर आहे, तिथे उतरवायचं. मी तिथेच असतो.

लास्दी